टायमिंग बेल्ट : इंजिनाच्या अंतरंगातील कालनियमन

शेख झायेद रस्त्यावरून शंभर किलोमीटरच्या वेगाने निर्वेध धावणारी, तेलपाणी वेळच्या वेळी बदललेली आणि वार्षिक तपासणीत निर्दोष ठरून जिची मुल्किया, म्हणजे नोंदणीपत्र, नुकतीच नवी झाली आहे अशी एखादी मोटार, धूर नाही, खडखडाट नाही, उष्णतामापकाचा काटाही जागचा हललेला नाही, अशा स्थितीत एकाएकी निष्प्राण होते. चालक ती कशीबशी कडेला घेतो, चावी फिरवतो, आणि इंजिन फिरते खरे, परंतु नेहमीपेक्षा विलक्षण हलके फिरते आणि काही केल्या पेट घेत नाही. संयुक्त अरब अमिरातीत काही वर्षे काढलेल्या आपल्या मंडळींपैकी पुष्कळांनी असा प्रसंग पाहिला किंवा निदान ऐकला असेल. पुढे गॅरेजमध्ये इंजिनाच्या तोंडावरील आवरण काढले म्हणजे दिसते ते एवढेच की, दोन-अडीच सेंटिमीटर रुंदीच्या एका रबरी पट्ट्याचे काही दाते निखळले आहेत. आणि हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, खोलल्यावर कळते की बरेचसे व्हॉल्व्ह वाकले आहेत.

रबराची एक पट्टी पोलादाचा एवढा नाश करू शकते कशी, आणि तपासणी करणाऱ्यांच्या नजरेतून ती सुटली कशी, असे हे दुहेरी कोडे आहे. त्यातील दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. वार्षिक तपासणीत ब्रेक, टायर, दिवे, सांगाडा, धूर या गोष्टी पाहतात. टायमिंग बेल्ट मात्र प्लास्टिकच्या आवरणाखाली बंदिस्त असतो आणि ते आवरण उघडून पाहणे हा त्या तपासणीचा भागच नव्हे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर विस्ताराने द्यावयास हवे, कारण ज्यास ते नीट उमगले त्यास हा पट्टा घरच्या घरी, स्वतःच्या हातांनी बदलण्याचे निम्मे काम उमगले, असे माझे ठाम मत आहे.

एका जागेचे दोन वाटेकरी

पेट्रोल इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरात एक पिस्टन खालीवर ये-जा करीत असतो, आणि सिलिंडरच्या छतात व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, बसविलेल्या असतात. निकोलाउस ऑटो या जर्मन यंत्रज्ञाने १८७६ साली सिद्ध केलेल्या चार टप्प्यांच्या आवर्तनावर आजचीही पेट्रोलची मोटार चालते. पहिल्या टप्प्यात पिस्टन खाली जातो, प्रवेशाची झडप उघडते आणि हवा व पेट्रोल आत ओढले जाते. दुसऱ्यात सर्व झडपा मिटलेल्या असताना पिस्टन वर येऊन ते मिश्रण दाबतो. तिसऱ्यात ठिणगी पडून जळणारा वायू पिस्टनला खाली लोटतो आणि याच एका टप्प्यात शक्ती निर्माण होते. चौथ्यात निर्गमाची झडप उघडते आणि वर येणारा पिस्टन जळका धूर बाहेर घालवितो. या चार टप्प्यांत पिस्टन दोनदा खाली व दोनदा वर जातो, म्हणजे तो ज्या दांड्याला जोडलेला असतो त्या क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात. प्रत्येक झडप मात्र तेवढ्या अवधीत एकदाच उघडावयाची असते. सबब झडपांना उघडण्याचा हुकूम देणारा वरचा दांडा, ज्यास कॅमशाफ्ट म्हणतात, तो क्रँकशाफ्टच्या नेमक्या निम्म्या गतीने फिरला पाहिजे. आणि याकरिता खालच्या दातेरी चाकास वीस दाते असतील तर वरच्यास चाळीस असतात. या दोन चाकांना एकत्र बांधणारा दातेरी रबरी पट्टा तो टायमिंग बेल्ट.

आता यातील काळाची सूक्ष्मता पाहा. क्रँकशाफ्ट मिनिटास ३,००० फेरे करीत असताना, आणि हा काही फार मोठा वेग नव्हे, पिस्टनला वरून खाली जावयास एका सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो आणि प्रत्येक झडप सेकंदाला २५ वेळा उघडून मिटते. उघडलेली झडप काही मिलिमीटर सिलिंडरच्या आत उतरते, आणि ती उतरते ते नेमके त्याच जागी, जेथे क्षणार्धात पिस्टनचा माथा येऊन ठेपणार असतो. कोकणात काय नि देशावर काय, घरचे भात घरी सडण्याच्या काळात दोघीजणी एकाच उखळाशी समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने मुसळ घालीत असत. एकीचे मुसळ वर उचलले जाई त्याच वेळी दुसरीचे खाली येई, उखळ एकच, त्यातील जागाही एकच, आणि तरी मुसळावर मुसळ म्हणून आदळत नसे, कारण दोघींचा ताल एक असे. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचे नाते तंतोतंत असेच आहे, आणि तो ताल राखण्याचे काम या पट्ट्याकडे आहे. मोटार ओढण्याचा भार त्याच्यावर नाही. त्याच्यावर जबाबदारी आहे ती वेळेची.

पट्टा तुटला किंवा त्याचे दाते निखळले म्हणजे कॅमशाफ्ट जवळजवळ तत्काळ थांबतो, कारण झडपांच्या कडक स्प्रिंगा त्याला अडवून धरतात, आणि त्या क्षणी ज्या झडपा उघड्या असतील त्या उघड्याच राहतात. क्रँकशाफ्ट मात्र थांबत नाही. दीड टनाची मोटार वेगात असते, तिची चाके गिअरमधून क्रँकशाफ्टला फिरवीतच असतात, आणि वर येणारा पिस्टन उघड्या झडपेच्या तबकडीवर आदळतो. झडपेचा देठ पेन्सिलीहूनही बारीक, तो वाकतो. वाकलेली झडप आपल्या बैठकीवर घट्ट बसत नाही, सिलिंडरात दाब धरत नाही, आणि म्हणून चावी फिरविल्यावर इंजिन ते विलक्षण हलके फिरते: दाबावयाला त्याच्यापाशी काही उरलेलेच नसते.

सर्वच इंजिनांची रचना अशी घातक नसते. काहींमध्ये पिस्टन अगदी वर आला तरी पूर्ण उघडलेल्या झडपेस पुरेल एवढी मोकळी जागा ठेवलेली असते. तेथे पट्टा तुटला तर मोटार थांबते, पण नवा पट्टा घालताच पूर्ववत चालते. तथापि झडप अधिक उघडली आणि मिश्रण अधिक दाबले गेले तर त्याच पेट्रोलात अधिक शक्ती मिळते, या लाभासाठी पुष्कळ कारखानदारांनी ती मोकळी जागा ठेवण्याचे सोडून दिले. आपले इंजिन कोणत्या जातीचे आहे हे बाहेरून ओळखता येत नाही. दुरुस्तीच्या पुस्तिकेवरून त्याची खातरजमा करावी, आणि ती होईपर्यंत ते घातक जातीचे आहे असेच धरून चालावे.

साखळीच्या जागी रबर कसे आले

दातेरी पट्ट्याचा उगम मोटारीत नाही, तर शिवणयंत्रात आहे. वरची सुई आणि खालचा दोरा यांची गाठ नेमक्या क्षणी पडावी म्हणून सिंगर यंत्रासाठी गिल्मर या अमेरिकन कंपनीतील रिचर्ड केस यांनी १९४० च्या दशकात असा पट्टा योजिला. मोटारींत त्या काळी हे काम पोलादी साखळी किंवा दातेरी चाके करीत. १९६२ मध्ये बव्हेरियातील ग्लास कंपनीने आपल्या १००४ या मोटारीत रबरी पट्टा घालून तो प्रथमच कारखान्याच्या प्रमाणावर रस्त्यावर आणला; १९६६ च्या सुमारास अमेरिकेत पाँटियाकने आणि इटलीत फियाटने, ऑरेलिओ लांप्रेदी यांनी रचलेल्या इंजिनात, तोच मार्ग धरला. पट्टा साखळीपेक्षा हलका, स्वस्त आणि जवळजवळ निःशब्द, शिवाय त्यास तेलाचे स्नान लागत नाही, हे त्याचे गुण. त्याचे आयुष्य मर्यादित, हा त्याचा एकमेव पण मोठा दोष.

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी आपली प्रीमियर पद्मिनी कुळाने फियाट असली तरी तिचे इंजिन जुन्या ११०० चे, म्हणून अखेरपर्यंत साखळीवरच चालले. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली ती ७९६ घनसेंटिमीटरचे, पट्ट्यावर चालणारे इंजिन घेऊन, आणि आपल्याकडील असंख्य मध्यमवर्गीय घरांत टायमिंग बेल्ट हा शब्द या मोटारीबरोबर शिरला. अमिरातीच्या रस्त्यांवर पाहावे तर मित्सुबिशी पजेरोची व्ही-६ इंजिने, जुन्या लान्सरचे १.६ लिटरचे इंजिन, शंभर क्रमांकाच्या लँड क्रूझरचे ४.७ लिटरचे व्ही-८, होंडा अ‍ॅकॉर्डचे व्ही-६ ही पट्ट्याची. उलट या शतकातील बहुतेक कोरोला, निसान सनी आणि पेट्रोल साखळीच्या. निसानची ‘पेट्रोल’ म्हणजे इंधन नव्हे, येथील वाळवंटात लोकप्रिय झालेली ती धिप्पाड गाडी, हे नवख्या वाचकासाठी सांगून ठेवतो.

पट्ट्याच्या रचनेविषयी एक गोष्ट हाताने काम करणाऱ्यास अवश्य ठाऊक हवी. त्याच्या पोटात काचतंतूंचे बारीक दोर असतात, त्यांभोवती उष्णता व तेल सोसणारे कृत्रिम रबर असते आणि दात्यांवर नायलॉनचे कापड चढविलेले असते. काचतंतू ओढीला अत्यंत चिवट, ते ताणाने लांबत नाहीत आणि म्हणूनच वेळ चुकत नाही. परंतु तीव्र घडी पडली की ते आतल्या आत मोडतात आणि बाहेरून त्याचा मागमूसही दिसत नाही. सबब नवा पट्टा दुमडून खिशात घालणे, उलटा करून पाहणे किंवा पिळणे, हे सर्व वर्ज्य होय. दुकानातून तो जसा वाटोळा मिळाला तसाच बसेपर्यंत राहिला पाहिजे.

उन्हाचा आणि खोळंब्याचा हिशेब

पट्टा कधी बदलावा याची मुदत कारखानदार किलोमीटरांत आणि वर्षांत अशी दोन्ही प्रकारे देतो, आणि यांतील जी आधी भरेल ती प्रमाण मानावयाची. येथपर्यंत सर्वांस मान्य असते. परंतु ही मुदत समशीतोष्ण प्रदेशातील वापर गृहीत धरून ठरविलेली असते, याचा आखातात राहणाऱ्यास सहज विसर पडतो. होंडाच्या अमेरिकेतील पुस्तिकेत व्ही-६ इंजिनाच्या पट्ट्यास सुमारे १ लक्ष ६८ हजार किलोमीटरांची मुदत सांगून लगेच पुढे सूचना केली होती की, ४३ अंश सेल्सिअसहून अधिक उष्णतेत मोटार नित्य चालत असेल तर हीच मुदत सुमारे १ लक्ष किलोमीटरांवर आणावी. दुबई, शारजा, अबू धाबी येथे जुलै-ऑगस्टात पारा ४३ च्या पुढे जाणे ही नवलाईची गोष्ट नव्हे. उष्णतेने रबरातील रासायनिक बदल वेगाने होतात, ते कडक होते, आणि कडक झालेला दाता मुळाशी चिरतो. त्यातही सर्वांत लहान चाक क्रँकशाफ्टवरचे. पट्टा तेथे सर्वाधिक वाकतो, ओढही तेथेच सर्वाधिक असते, आणि दाते बहुधा तेथेच सुटतात.

उन्हाइतकेच दुसरे कारण म्हणजे वाहतुकीचा खोळंबा. शारजाहून दुबईस कामाला जाणाऱ्या मंडळींना अल इत्तिहाद रस्त्यावरील सकाळ-संध्याकाळची रखडपट्टी नव्याने सांगावयास नको. अशा वेळी मोटार उभी असते, किलोमीटरचा आकडा हलत नाही, पण वातानुकूलन चालू ठेवण्यासाठी इंजिन फिरतच असते आणि पट्टा झिजतच असतो. साधा हिशेब करून पाहू. महामार्गावर ताशी १०० किलोमीटर जाताना इंजिन मिनिटास २,००० फेरे करते असे धरले तर तासास १ लक्ष २० हजार, म्हणजे किलोमीटरमागे १,२०० फेरे पडतात. कोंडीत रोज दोन तास जातात, त्यात ३० किलोमीटर अंतर कापले जाते आणि इंजिनाची सरासरी मिनिटास १,२०० फेऱ्यांची असते असे मानले, तर फेरे होतात १ लक्ष ४४ हजार. महामार्गाच्या मापाने हे १२० किलोमीटर झाले. आकडा दाखवितो तीस, पट्टा चाललेला असतो एकशेवीस. मोटारींप्रमाणे हे आकडे बदलतील, पण दिशा बदलणार नाही. वरचे आवरण तडकलेले असल्यास शमाल वाऱ्याबरोबर आत शिरणारी बारीक वाळू आणि जुन्या ऑइल सीलमधून झिरपणारे तेल हे आणखी दोन शत्रू. पट्ट्यास तेल लागलेले दिसले तर मुदतीची वाटच पाहू नये.

जागा, ऋतू आणि सामग्री

इमारतीच्या तळघरातील वाहनतळात हे काम करावयाचे तर नातूरची, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराची, आणि व्यवस्थापनाची आगाऊ परवानगी हवी. ती न मिळण्याचाच संभव अधिक. सार्वजनिक वाहनतळावर मोटार खोलून बसणे दंडास पात्र होऊ शकते, तो विचारच सोडावा. अजमान, शारजा किंवा अल ऐनकडे एखाद्या स्नेह्याचे अंगणाचे घर असेल तर त्याहून उत्तम जागा नाही. ऋतू हिवाळ्याचा, नोव्हेंबर ते मार्च. आणि २-३ डिसेंबरच्या राष्ट्रीय दिनाची जोडसुटी यास फारच सोयीची, कारण पहिल्याने हात घालणाऱ्याने हे काम एका दिवसात उरकण्याचा हट्ट धरू नये. दुसऱ्या दिवशी कामावर जाण्यासाठी याच मोटारीवर अवलंबून राहणे म्हणजे घाईस आमंत्रण, आणि घाईत खुणा चुकतात.

कोणत्या इंजिनापासून आरंभ करावा? माझे मत स्पष्ट आहे: चार सिलिंडरांचे, एकच कॅमशाफ्ट असलेले इंजिन, जसे जुन्या लान्सरचे, हे प्रथम शिकावयास योग्य. व्ही-६ किंवा व्ही-८ मध्ये एकच पट्टा दोन बाजूंच्या कॅमशाफ्टना फिरवितो, खुणा वाढतात, आणि एक चाक नीट धरावे तर दुसरे स्प्रिंगच्या जोराने सटकते. तसे इंजिन जाणत्याच्या सोबतीनेच उघडावे.

चौकट : काम सुरू करण्यापूर्वी हाताशी असावे असे

त्याच इंजिनाची दुरुस्तीची पुस्तिका, तिच्यातील खुणांची आकृती छापून भिंतीवर लावलेली. नवा पट्टा, टेन्शनर (पट्टा ताणून धरणारा भाग) आणि त्याच्या जोडीची फिरती पुली, पट्ट्यावर चालत असल्यास वॉटर पंप, कॅमशाफ्ट व क्रँकशाफ्टची ऑइल सील, कूलंट. सॉकेट पान्यांचा संच, मोठा बोल्ट सोडविण्यास लांब दांड्याचा पाना, टॉर्क रेंच. जॅक, मोटार टेकवावयास भक्कम स्टँड, लाकडी फळी, पांढरा रंग व बारीक कुंचला. निघालेले बोल्ट वेगवेगळे ठेवण्यास नावे लिहिलेल्या पिशव्या.

सुटे भाग दुबईत देराच्या बाजारात किंवा शारजाच्या औद्योगिक वसाहतीतील दुकानांत मिळतात, अबू धाबीकरांस मुसफ्फा जवळ पडते. मुल्कियेवर शासी क्रमांक असतो. तो दाखवून त्याच क्रमांकाचा पट्टा घ्यावा, नुसते मोटारीचे नाव व साल सांगून घेऊ नये, कारण एकाच नावाच्या मोटारीत निरनिराळी इंजिने येतात. बनावट मालाचा उपद्रव या बाजारात आहे, म्हणून अधिकृत विक्रेत्याकडची पावती घ्यावी. टेन्शनर आणि वॉटर पंप अजून बरे दिसतात म्हणून जुनेच ठेवण्याची काटकसर मला मुळीच मान्य नाही: त्यांची बेअरिंगे पट्ट्याइतकीच जुनी झालेली असतात, आणि त्यांतील एक अडकले तर नवा कोरा पट्टाही काही क्षणांत फाटतो.

उघडणे

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर प्रथम बॅटरीची ऋण तार काढावी. पंप बदलावयाचा असेल तर कूलंट भांड्यात काढून घ्यावे. ते गटारात किंवा वाळूत ओतू नये, कारण त्यातील ग्लायकोल गोडसर आणि विषारी असते, आणि येथील गल्लोगल्लीच्या मांजरांचा त्याने जीव जातो. यानंतर मोटार स्टँडवर टेकवावी आणि आडव्या इंजिनाच्या मोटारीत ज्या बाजूस पट्टा आहे त्या बाजूचे पुढचे चाक काढावे; केवळ जॅकच्या भरवशावर तिच्याखाली शरीराचा कोणताही भाग घालू नये. अल्टर्नेटर आणि वातानुकूलनाचे बाहेरचे पट्टे सैल करून काढावेत. त्या बाजूची इंजिनाची माउंटिंग बहुधा वाटेत येते. ती सोडण्यापूर्वी तेलाच्या तबकाखाली फळी घालून जॅकने इंजिनास आधार द्यावा.

बळ लागते ते फक्त एका ठिकाणी, आणि ते म्हणजे क्रँकशाफ्टच्या पुलीचा मधला बोल्ट. हा पुष्कळदा १५० ते २०० न्यूटन-मीटर इतका आवळलेला असतो. २०० न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला सुमारे २० किलो वजन टांगले असता जेवढा पीळ पडेल तेवढा. वर्षानुवर्षांच्या गंजाने सोडविताना त्याहूनही अधिक जोर लागतो. हाताने गिअर बदलावयाच्या मोटारीत शेवटचा गिअर घालून दुसऱ्याने ब्रेक दाबून धरावा. स्वयंचलित गिअरच्या मोटारीत पुली धरून ठेवण्याचे स्वतंत्र हत्यार मिळते. पाना जमिनीला टेकवून स्टार्टरच्या झटक्याने हा बोल्ट सोडण्याची युक्ती काही कारागीर वापरतात. पाना निसटला तर हात किंवा डोळा जाऊ शकतो, म्हणून ती मी कोणासही सुचविणार नाही.

खुणा : कामाचा गाभा

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि गंमत अशी की यात बळ काहीच नाही. पुली व तिच्यामागचे पट्ट्याचे आवरण काढावे आणि त्याच सुमारास स्पार्क प्लगही काढावेत, म्हणजे इंजिन हाताने सुखाने फिरते. मग क्रँकशाफ्टचा बोल्ट पुन्हा तात्पुरता बसवून, त्यावर पाना लावून, पुस्तिकेत सांगितलेल्या दिशेनेच इंजिन हळूहळू फिरवावे आणि पहिल्या सिलिंडरचा पिस्टन दाबाच्या टप्प्याच्या शेवटी अगदी वर आणावा. या एका स्थितीत कारखानदाराने प्रत्येक दातेरी चाकावर कोरलेली खूण त्याच्यासमोरील स्थिर भागावरच्या खुणेशी जुळते: खालच्या चाकाची ऑइल पंपाच्या अंगावरील खुणेशी, वरच्याची हेडवरील खुणेशी. खालची जुळली आणि वरची बरोबर विरुद्ध दिशेस दिसली तर घाबरू नये; वरचे चाक अर्ध्या गतीने फिरते, खालचा आणखी एक पूर्ण फेरा घालावा म्हणजे दोन्ही एकदम जुळतील.

या खुणांवर पांढरा रंग लावावा आणि छायाचित्र घ्यावे. जुन्या पट्ट्यावर स्वतः खुणा करून त्या नव्यावर उतरविण्याची पद्धत रूढ आहे, पण तिच्यावर संपूर्ण विसंबू नये, कारण मागच्या कारागिराने एक दाता चुकविलेला असेल तर ती चूकही इमानाने पुढे चालू राहते. एका दात्याची किंमत किती, हेही येथे समजून घ्यावे. खालच्या चाकास वीस दाते असतील तर एक दाता म्हणजे फेऱ्याच्या ३६० अंशांपैकी १८ अंश. एवढ्या फरकाने इंजिन चालेलही, पण थरथरेल, पेट्रोल अधिक खाईल, जोर हरवेल. दोन-तीन दाते चुकले तर घातक जातीच्या इंजिनात झडपा पिस्टनला भिडू शकतात.

खुणा जुळल्या म्हणजे टेन्शनर सैल करून जुना पट्टा उतरवावा आणि त्यानंतर क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांपैकी काहीही निष्कारण फिरवू नये. पंप, पुल्या, ऑइल सील या वेळी बदलून घ्यावीत आणि चाकांभोवतीचे सारे तेल पुसून कोरडे करावे. नवा पट्टा खालच्या चाकापासून चढवीत न्यावा, आणि ज्या बाजूने क्रँकशाफ्ट पट्टा ओढतो ती बाजू पूर्ण ताणलेली ठेवून वरच्या चाकावर घालावा, म्हणजे जो काही सैल भाग राहील तो टेन्शनरच्या बाजूला उरेल. हे न पाळता टेन्शनर सोडला तर तो सैल भाग ओढून घेताना वरचे चाक किंचित फिरते आणि जुळलेली खूण एका दात्याने मागेपुढे होते. नवशिक्यांचा बहुतेक घोटाळा येथेच होतो. तेलाच्या दाबाचा टेन्शनर असेल तर तो शिकंज्यात अत्यंत सावकाश दाबून त्याची पिन घालून ठेवावी, बसविल्यावर पिन काढावी. पट्टा चढत नाही म्हणून पेचकसाने रेटणे म्हणजे आतील काचतंतू मोडणे.

दोन फेरे हाताने

पट्टा बसला, ताण दिला, आता चावी फिरवावी असा मोह होतो. तो आवरावा. पाना क्रँकशाफ्टच्या बोल्टवर लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे. दोनच का? कारण दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टचा एक फेरा पुरा होतो आणि प्रत्येक झडप एकदा उघडून मिटते. काही भिडावयाचे असेल तर ते या दोन फेऱ्यांत भिडणारच. हाताच्या मंद गतीने ते भिडले तर काही मोडत नाही, फक्त पाना अडतो. प्लग काढलेले असल्यामुळे दाबाचा अडथळा नसतो, म्हणून पाना ठामपणे अडला तर ते धातूवर धातू आले असेच समजावे, जोर करू नये, पाना थोडा उलट फिरवून खुणा पुन्हा पाहाव्यात.

दोन फेऱ्यांनंतर चाकांवरच्या खुणा पुनश्च आपापल्या जागी यावयास हव्यात. काही नव्या पट्ट्यांवरही कारखान्यातून रंगाच्या रेघा आलेल्या असतात. त्या मात्र या वेळी जुळणार नाहीत, आणि त्या जुळत नाहीत म्हणून पुष्कळ जण घाबरून बरोबर बसलेला पट्टा पुन्हा उतरवितात. पट्ट्याच्या दात्यांची संख्या चाकांच्या दात्यांच्या पटीत असतेच असे नाही, त्यामुळे त्या रेघा पुष्कळ फेऱ्यांनंतरच जाग्यावर येतात. प्रमाण मानावयाच्या त्या चाकांवरच्या खुणा.

यानंतरचे काम उघडण्याच्या उलट क्रमाने. मोठा बोल्ट टॉर्क रेंचने पुस्तिकेतील आकड्याइतकाच आवळावा. आवरणाची रबरी कड फाटली असेल तर नवी घालावी, वाळूचा बंदोबस्त तिच्याच हाती आहे. कूलंट भरून, हीटर पूर्ण उष्णतेवर ठेवून इंजिन चालू करावे आणि आतील हवा निघेपर्यंत उष्णतामापकावर नजर ठेवावी. आखातात नुसते पाणी भरण्याची चूक करू नये, कूलंटाने उकळबिंदू वाढतो आणि पंप गंजत नाही. इंजिन पूर्वीइतकेच शांत चालले तर काम साधले. शिट्टीसारखा आवाज बहुधा पट्टा अधिक ताणल्याची, आणि आवरणावर फटफट आवाज तो सैल राहिल्याची निशाणी. दोन्हींत मोटार रस्त्यावर न नेता ताण पुन्हा तपासावा.

एक विनंती शेवटी करतो. अमिरातीत मोटार एका मालकापाशी फार काळ राहत नाही. नोकरी संपते, व्हिसा रद्द होतो, आणि माणूस मायदेशी परतताना ती आठवड्याभरात विकून टाकतो. विकत घेणाऱ्यास पट्टा कधी बदलला हे कळण्यास कोणताही सरकारी कागद नाही. म्हणून नवा पट्टा घालताच तारीख आणि किलोमीटरचा आकडा एका चिठ्ठीवर लिहून ती वरच्या आवरणावर चिकटवावी, पट्ट्याची व पंपाची पावती मुल्कियेसोबत ठेवावी आणि मोटार देताना पुढच्याच्या हाती द्यावी. आणि जुनी मोटार घेताना अशी चिठ्ठी वा पावती मिळाली नाही, तर विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर न जाता पट्टा कधीच बदललेला नाही असे धरून, पहिल्या महिन्यातच तो बदलून घ्यावा.